फुफीचा पहारा

रविवार, ८ डिसेंबर १९९६, बल्लारपूर

आफ्रीनला, माझ्या भैय्याच्या लेकीला, रिश्ता आला आहे. थेट अहेरीहून.

मुलगा दानिश, तिथे एसटीडी बूथ चालवतो. आई-बाप लहानपणीच गेले, चाचाने वाढवलं. राजुऱ्याच्या लग्नात त्याने आफ्रीनला पाहिलं, आणि आफ्रीनने त्याला पाहिलं की नाही हे विचारायची गरज नाही, कारण तेव्हापासून ती भाजीत मीठ दोनदा घालते.

आज चाचा स्वतः बोलणी घेऊन आला. नाव कमरुद्दीन. सागवानी फर्निचर बनवतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. पंचेचाळिशीचा असेल, मिशा नीट, बोलणं कमी. भैय्याने त्याला सांगितलं, "रमजान लागायच्या आत हो की नाई ते सांगू. तोवर पोरं एकटी भेटणार नाईत." मग माझ्याकडे वळून, "नूरी, तू पोरीसोबत राहशील." म्हणजे वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मला, फुफी ऊर्फ आत्याबाईंना, पहारेकऱ्याची नोकरी लागली.

मी चहा ठेवून माझ्या खुर्चीवर बसले तर ती नेहमीसारखी डुगडुगली. पाहुणा म्हणाला, "उठा बरं मास्तरीनबाई." मी उठले. त्याने खुर्ची उलटी केली, खिशातून लाकडाची चकती काढली, पायाखाली ठोकली, परत ठेवली. लग्नाची बोलणी करायला आलेला माणूस खिशात चकत्या घेऊन फिरतो. भाभीला हसू आवरेना.

"तुम्हाला कसं कळलं मी शिक्षिका आहे?"

"बोटाले लाल शाई हाय," तो म्हणाला.

आमच्या घरात हिंदी चालते, पण त्याची बोली पक्की झाडीकडची. म्हणतो, सगळे गिऱ्हाईक गोंड नाहीतर मराठी, हिंदी जंगलात हरवून गेली. मी नगरपालिकेच्या शाळेत मराठी शिकवते म्हणून मला ते आवडलं. ही डायरीही मी मराठीतच लिहिते. भाभीला मराठी अक्षर वाचायचा कंटाळा आहे, म्हणून.

बुधवार, ११ डिसेंबर

कमरुद्दीनभाऊ परत आले. म्हणे बिजागऱ्या घ्यायच्या होत्या. अहेरीत बिजागऱ्या मिळत नाहीत का? एवढे तास लाल डब्ब्यात बसून?

मी ओळखलं. मुलीकडची माणसं कशी आहेत हे न सांगता येऊन पाहायचं, अशी ही चाल. भैय्या कापडाच्या दुकानात, भाभी बाजारात, आफ्रीन कॉलेजात. मी ओसरीवर निबंध तपासत होते. त्यांना बसवलं आणि चौकशीला तोंड द्यायला तयार झाले. पण त्यांनी आफ्रीनचं काही विचारलंच नाही. मी शाळेतून कधी येते, एवढा गठ्ठा रोज असतो का, डोळे दुखत नाहीत का, असलं काहीबाही. घरातल्या बाईच्या स्वभावावरून पोरीचा स्वभाव ओळखायचा असणार. हुशार माणूस आहे.

मग म्हणाले, "एखादा वाचून दाखवा ना."

मी 'माझा आवडता पाळीव प्राणी' वाचला. पोराने लिहिलं होतं, 'माझा आवडता प्राणी बोकड आहे. तो मला फार आवडतो. दिवाळीत आम्ही त्याला खाल्ला. तरी तो आवडतो.' कमरुद्दीनभाऊ हसायला लागले ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं ठसका लागला, पाणी आणून दिलं.

जाताना चारोळीची पुरचुंडी ठेवून गेले, घरच्यांसाठी म्हणून. मी आफ्रीनला दिली. ती पुरचुंडीकडे आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "फुफी, हे तुझ्या हातात दिलं ना त्यांनी?"

"घरात दुसरं कोणी नव्हतंच."

"तेच तर," ती म्हणाली.

शनिवार, १४ डिसेंबर

दानिशचा फोन शेजारी कमळाबाईंकडे येतो. कमळाबाई दवाखान्यात सिस्टर आहेत, एकट्या राहतात, आणि आमच्या गल्लीत फोन फक्त त्यांच्याकडे आहे. आफ्रीन बोलते, मी समोर स्टुलावर बसते. बूथ त्याचाच असल्याने पोरगा घाईत नसतो.

आज मध्येच आफ्रीनने हात फोनवर ठेवला आणि मला विचारलं, "फुफी, चाचा विचारून राह्यले, तुला शिसवी आवडतं का सागवान?"

मी म्हटलं, सांग, आमची काही अपेक्षा नाही आणि तुमचीही नको. मुलीच्या फुफीला आहेर द्यायची पद्धत त्यांच्याकडे असेल, आमच्याकडे नाही. आफ्रीनने फोनवर सांगितलं, "सागवान." मी काही तसं म्हटलं नव्हतं.

कमळाबाई पाठमोऱ्या होऊन भांडी लावत होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

बुधवार, १८ डिसेंबर

आफ्रीनच्या उशीखाली इंग्रजी पुस्तक सापडलं. स्टेशनवरच्या रद्दीवाल्याकडून घेतलेलं. पहारेकरी म्हणून जप्त केलं आणि तपासणीसाठी वाचायला घेतलं. शाळेतून आल्यापासून तेच तपासते आहे.

दोनशे वर्षांपूर्वीचं विलायत. नाताळचे दिवस. बर्फ पडून एका मोठ्या हवेलीत पाहुणे अडकलेत. एक अर्ल आहे, म्हणजे आपल्याकडचा मोठा जमीनदार समजा. उंच, अबोल, काहीतरी निमित्त काढून रोज येतो. आणि एक गरीब मुलगी, तिला ते समजत नाही. पानोपानी हातमोजे आणि सुस्कारे. मुलीसोबत एक मावशी ठेवली आहे लक्ष द्यायला, ती प्रत्येक प्रसंगात शेकोटीजवळ डुलक्या काढते. तिच्या नाकासमोर सगळं घडतं आणि बाईंना पत्ता नाही. इतकी बावळट बाई मी पाहिली नाही.

कमळाबाईंनी छान तोडगा सांगितला. नाताळच्या दिवशी त्यांच्या घरी सगळी गल्ली चहा-केकला येते. दानिश आणि त्याचा चाचा त्यात आले तर तो 'बघण्याचा कार्यक्रम' होत नाही, कोणी नावं ठेवणार नाही, आणि पोरं चार माणसांत नीट बोलतील. भैय्यालाही पटलं.

रविवार, २२ डिसेंबर

फार संताप झाला आहे.

कमरुद्दीनभाऊ आज भैय्याला भेटायला आले. दोघं आतल्या खोलीत दार लोटून बसले. मी मुद्दाम ऐकत नव्हते. दाराजवळच्या कपाटाची धूळ बरेच दिवस राहिली होती, ती पुसत होते.

त्यांचा आवाज आला, "वय जास्त झालं, हे मी मानतो आकिबभाई." मग भैय्याचं काहीतरी हळू. मग पुन्हा, "घर मले आता खायले उठते."

आमची एकवीस वर्षांची पोरगी. वय जास्त झालं म्हणे! आणि यांचं घर खायला उठतं म्हणून काय आमच्या पोरीने जायचं, भाकरी थापायला? जसं काय लग्न दानिशचं नाही, यांचंच आहे.

बाहेर आले तेव्हा भैय्याचं तोंड लाल आणि पाहुण्याचं उतरलेलं. मी चहा विचारला नाही. कमरुद्दीनभाऊ दारात थांबले, काही बोलतील असं वाटलं, मग नुसतंच "येतो" म्हणून गेले. भैय्याला विचारलं तर म्हणतो, "काई नाई. तू पोरीकडे लक्ष दे."

लक्ष देतेच आहे. नाताळला सगळ्यांसमोर विचारणार आहे.

बुधवार, २५ डिसेंबर, नाताळ

कमळाबाईंनी दारावर लाल कागदाची मोठी चांदणी लावली होती. केकचं पीठ घरी कालवून बेकरीत भाजून आणलेलं, शिवाय करंज्या आणि चिवडा. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दानिश इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. हसरा, सरळ पोरगा आहे. आफ्रीन आणि तो खिडकीशी उभे राहून बोलत होते आणि मी मोक्याच्या जागी खुर्ची टाकून बसले होते. मग कमरुद्दीनभाऊ प्लेट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले, त्यामुळे मला दोघं दिसेनात.

"बोकडवाल्या पोराचं काय चाललं हाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "पोराचं राहू द्या. आमच्या पोरीचं वय तुम्हाला जास्त वाटतं, असं ऐकलं."

त्यांनी करंजी प्लेटमध्ये ठेवली. "आफ्रीनचं? मी आफ्रीनचं नाई बोललो काई."

"मग कोणाचं बोललात? आमच्या घरात लग्नाची दुसरी आहे तरी कोण?"

मी जरा मोठ्याने बोलले असेन. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. कमरुद्दीनभाऊ माझ्याकडे बघत राहिले. वर्गात एखादं पोर उत्तर येत असून उभं राहतं आणि बोलत नाही, तसे. मी वाट पाहिली. ते उठले, प्लेट टेबलावर ठेवली, मफलर घेतला आणि कमळाबाईंना "बरं मंग बाई, येतो" म्हणून निघून गेले. केक तसाच राहिला. दानिश त्यांच्यामागे पळाला.

निरुत्तर झाले. खोटं पकडलं की माणूस असाच उठतो.

पण मला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. आफ्रीन रडत घरी गेली. मी कमळाबाईंना म्हटलं, माझं काही चुकलं का? त्यांनी कपबशा उचलता उचलता माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी मास्तरीन कशा झाल्या हो?" त्या म्हणाल्या. "पोरायले काय शिकवत असान तुमी."

याचा अर्थ काय?

गुरुवार, २६ डिसेंबर

अर्थ कळला.

आफ्रीनने सांगितलं. सकाळपासून तोंड फिरवून बसली होती, शेवटी फाटकन बोलली. "ते बिजागऱ्या घ्यायला आले नव्हते, फुफी. पहिल्या दिवशी घरी जाऊन दानिशला म्हणाले, मास्तरीनबाई फार नीट चहा ठेवतात. दानिश म्हणाला, चाचा, चहा कसा नीट ठेवतात? तर म्हणाले, नीट म्हणजे नीट. सगळ्या गल्लीला समजलं. तुलाच नाही."

आज आणखी काही लिहीत नाही.

शुक्रवार, २७ डिसेंबर

शाळेत फळ्यावर 'विशेषण' लिहायचं तिथे 'विशेष' लिहून थांबले. पोरांनी हाक मारली तेव्हा शुद्धीवर आले.

भैय्याला विचारलं. त्याने कबूल केलं. रविवारी कमरुद्दीनभाऊंनी माझ्यासाठी विचारलं होतं आणि भैय्याने नाही म्हणून सांगितलं. "भतीजीच्या रिश्त्यात फुफीनं आपलं जमवून घेतलं, असं लोक म्हणतील. मी त्याले म्हटलं, पोरांचीच बात कर, नाई तर दोन्ही राहू दे. त्यानं शब्द दिला, पुन्हा बोलणार नाई म्हणून."

"मला विचारायचं होतंस."

"तू हो म्हटलं असतंस तर?" भैय्या म्हणाला. म्हणजे त्यालासुद्धा माझ्याआधी कळलं होतं.

मी हो म्हटलं असतं का? खरं लिहायचं तर ठाऊक नाही. अब्बांना लकवा झाला तेव्हा माझी मंगनी झालेली होती. तिकडच्यांनी थोडी वाट पाहिली, मग दुसरी मुलगी केली. मला त्याचं फार दुःखही झालं नाही, काम इतकं होतं. अब्बा गेले, तोवर आफ्रीन शाळेत जायला लागली होती. मी तेव्हापासून लग्न या विषयाकडे दुसऱ्यांचा विषय म्हणून पाहते. आणि आता एक माणूस चहाला नीट म्हणतो तर मी दोन दिवस झाले जेवत नाही. आफ्रीनचं मोडलं तर? ती रडते आहे ते माझ्यामुळे. निदान माफी मागायला पाहिजे. समोर जाऊन.

रविवार, २९ डिसेंबर

अहेरीला जाऊन आले.

भैय्याला सांगितलं नाही. कमळाबाई सोबत होत्या. पहाऱ्याला पहारा. निघताना भाभी आली आणि हातात डबा दिला. गच्च भरलेला, दोन माणसांना पुरून उरेल एवढा.

मी म्हटलं, "भाभी, मला घरातून काढायची घाई झाली का?"

"लय दिवसांपासून," भाभी म्हणाली. माझी ओढणी नीट केली आणि आत निघून गेली. मी इतकी वर्षं तिला तुसडी समजत होते.

आष्टीचा पूल ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना साग लागतो. खिडकीतून थंडगार वारा येत होता. कमळाबाई आलापल्लीपर्यंत झोपल्या. मी मनात माफीची वाक्यं जुळवत होते. एकही टिकेना.

दुकानात सगळीकडे भुसा. कमरुद्दीनभाऊ फळीवर रंधा मारत होते. मला पाहून रंधा हातातच राहिला. दानिश चहा आणायला पळाला तो परत आलाच नाही. कमळाबाईंना एकाएकी चुलतबहीण आठवली, ती अहेरीतच राहते म्हणे.

"मी त्या दिवशी फार बोलले," मी म्हटलं.

"तुमी बरोबरच बोलल्या. उत्तर मीच नाई देल्लं."

"आता द्या."

"नाई देता येत. आकिबभाईले शब्द देऊन बसलो. पोरायचं नीट पार पडू द्याचं, आपलं तोंड उघडाचं नाई."

बोलून त्यांनी फळीवरचा भुसा हाताने झाडला. झाडायला तिथे काही उरलं नव्हतं, तरी झाडत राहिले.

"एक तरी सांगा," मी म्हटलं. "वय जास्त झालं म्हणालात भैय्याला. माझं वय काढायचं काय कारण होतं?"

"तुमचं?" ते चकित झाले. "माझं म्हनलो मी. पंचेचाळीस लागले. तुमचं वय मले ठाऊक बी नाई, आन म्या विचारलं बी नाई."

मला एकदम हसू आलं. दाराला कान लावून ऐकलेलं एकच वाक्य, आणि तेही दोनदा चुकीचं समजले. ते पण हसले. बाहेर कोणाची तरी बैलगाडी गेली, तिचा आवाज दूर जाईपर्यंत आम्ही दोघं ऐकत होतो.

मी म्हटलं, "शब्द तुम्ही दिला आहे. मी काही दिलेला नाही."

"मंग?"

"मग मीच विचारते." इतकी वर्षं व्याकरण शिकवलं, पण एक वाक्य तोंडातून काढायला इतका वेळ कधी लागला नव्हता. "माझ्याशी लग्न करता का?"

ते फळीवर बसले. रंधा उचलून त्याचं पातं बघायला लागले. मला वाटलं, चुकलं. मग म्हणाले, "हो म्हनलो तर शब्द मोडला असं तर नाई होनार?"

"विचारल्यावर उत्तर दिलं तर ते तोंड उघडणं होत नाही."

"तुमी शिकवता तवा असंनच," ते म्हणाले. "मंग हो."

मी सांगितलं, शाळा सोडणार नाही. ते म्हणाले, सोडाचीच नाई, मंग मले निबंध कोन वाचून दाखवंन. शनिवारी तुमी इकडे या, बुधवारी मी तिकडे येईन, बिजागऱ्या तशाही लागतेच. भाभीचा डबा उघडला. कमळाबाई आल्या तेव्हा त्यांच्यासाठी फक्त लोणचं उरलं होतं. चुलतबहीण घरी नव्हती म्हणाल्या.

मंगळवार, ३१ डिसेंबर

काल भैय्याला सांगितलं. तो ताटावरून उठून गेला. आज सकाळी आफ्रीन त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "फुफीचं नाई तर माझं पण नाई." मी तिला दटावलं. मला हेच नको होतं. पोरीच्या सुखावर पाय ठेवून मला कुठे जायचं नाही.

"लोक हसतील, नूरी," भैय्या म्हणाला. "फुफी चाची-सास होणार? भतीजी बहू?"

"हसू दे. आम्हीही हसतो आहोत."

"मी अब्बांना शब्द दिला होता. शेवटच्या दिवशी. तुझी सोय मी बघीन. काय कमी केलं मी तुला?"

त्याचा आवाज फाटला तेव्हा मला समजलं की हे लोकांचं नव्हतंच. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. लहानपणी तो मला सायकलवर शाळेत सोडायचा, पुढच्या दांडीवर बसवून, आणि उतरवताना दरवेळी विचारायचा, लागलं तर नाही ना.

"काही कमी केलं नाहीस भैय्या," मी म्हटलं. "सोय चांगली झाली. आता मला लग्न करायचं आहे."

तो उठून दुकानात गेला. दिवसभर आला नाही.

गुरुवार, २ जानेवारी १९९७

शाळा सुटताना दुकानातला माणूस निरोप घेऊन आला, मालकांनी बोलावलं आहे. गेले. भैय्याने गादीवर कापडाची ठाणावर ठाणं उलगडून ठेवली होती. जरीचं, सॅटिनचं, बनारसी. गिऱ्हाइकाला दाखवतो तशी. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "रंग सांग."

मी एकेका ठाणावरून नुसता हात फिरवत बसले. तो चिडला. "पटकन सांग. दुकान बंद करायचं हाय."

मी डाळिंबी दाखवलं. त्याने मोजायचा गज हातात घेतला आणि डोळे पुसून मग कापड मोजलं.

रविवार, ५ जानेवारी

ठरलं ते असं. आफ्रीनचा निकाह ईदनंतर, धूमधडाक्यात, सगळी बिरादरी बोलावून. माझा रमजान लागायच्या आत, म्हणजे आजच, घरातल्या घरात. रिश्ता आला भतीजीला आणि आधी निघाली फुफी. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि मग पोटभर जेवल्या. कमळाबाईंनी मेंदी लावली. त्यांना ती लावता येत नाही, हातावर काय काढलं ते त्यांनाही सांगता आलं नाही.

दुपारी माझा होकार विचारायला निकाहचे वकील आणि गवाह आत आले. मी डाळिंबी कपड्यांत घुंगट घेऊन बसले होते, एका बाजूला भाभी, दुसऱ्या बाजूला आफ्रीन, ती मला चिमटे काढत होती. वकिलांनी नाव घेतलं, अहेरीचे कमरुद्दीन वल्द वगैरे म्हणत आरामात पुढे चालले. या वेळी नवऱ्या रडतात, बायका त्यांना समजावतात, दोन-तीनदा विचारावं लागतं, हे मी कितीतरी लग्नांत पाहिलं आहे.

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, "कबूल आहे."

वकील दचकले. आफ्रीन फिसकन हसली. भाभी माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "अगं, जरा थांबायचं असते."

मी म्हटलं, "थांबले होते की."